माध्यमिक शिक्षकाची उमेद

आजच्या विषयाचे नाव ऐकून येथे बसलेल्या शिक्षकबंधूंपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती पडली असेल तर दोष त्यांचा नाही. पगाराखेरीज दुसऱ्या कशाने शिक्षकाला कामाची उमेद येते, असा प्रश्न कोणी काढला की पगाराचा प्रश्न आता मागे पडणार, हे त्यांना अनुभवाने कळून चुकलेले असते. विद्यादान हे पवित्र कार्य आहे, हे वाक्य आपल्याकडे बहुधा पगार थकल्यावरच ऐकू येते. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, पैशाच्या ऐवजी शिक्षकाला काय द्यावे, हे सांगण्यासाठी मी उभा नाही. पैसा थोडा मिळत असताना, आणि बाहेर जास्त मिळण्यासारखा असताना, काही कर्ती माणसे माध्यमिक शाळेत का राहिली आणि काही का निघून गेली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याची साधने आपल्या महाराष्ट्रात आहेत. आणि त्यांतली उत्तम साधने या कृष्णाकाठी, येथून कराडपलीकडच्या काले गावापासून पुढे, विखुरलेली आहेत.

तरीही आरंभ पुण्यापासून करावा लागतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. सरकारी शाळेतली नोकरी म्हणजे त्या काळी ठरल्या तारखेला मिळणारा पगार, पुढची बढती आणि चारचौघांत प्रतिष्ठा. १८७४ पासून ते ‘निबंधमाला’ लिहीत होते. १८७८ मध्ये त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीच सोडून दिली. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. बाळ गंगाधर टिळक आरंभापासून त्यात होते. माधवराव नामजोशी आले, वामन शिवराम आपटे आले, एम्. ए. होताच गोपाळ गणेश आगरकर आले. टिळकांनी पहिल्या वर्षी वेतनच घेतले नाही. एम्. ए. झाल्यावर आपण मोठ्या पगाराच्या नोकरीमागे जाणार नाही, पोटापुरते घेऊन बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालणार, असे आगरकरांनी आपल्या आईला पत्राने कळविले होते, ही गोष्ट आपल्या सर्वांना शाळेच्या पुस्तकांपासून ठाऊक आहे.

ही गोष्ट आपण नेहमी त्यागाची म्हणून सांगतो. ती त्यागाची आहेच. पण या मंडळींना काय मिळाले, हे विचारायचे आपण विसरतो. त्यांना शाळा मिळाली. मॅट्रिकची परीक्षा सरकारची आणि अभ्यासक्रमही बहुतांशी बाहेरून आलेला, हे खरे. परंतु वर्गात काय करायचे, कोणाला शिक्षक म्हणून घ्यायचे, शिस्त कशी ठेवायची, शिल्लक पडलेला रुपया कशावर खर्च करायचा, हे सारे ते आपसात बसून ठरवीत. सरकारी हायस्कुलातल्या शिक्षकाला यांतले काहीच ठरविता येत नसे. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी शाळा पाहून तिची मोठी वाखाणणी केली. त्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतील कोल्हापूर प्रकरणावरून टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ते सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचे केलेले स्वागत हे माध्यमिक शाळेतल्या दोन शिक्षकांचे स्वागत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यापूर्वी कोणा मास्तरासाठी असे लोक जमल्याचे मला आठवत नाही.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. ‘आजीव सभासद’ ही कल्पना येथे नियमांत बांधली गेली. ठराविक वर्षे संस्थेत काम करायचे, बेताचे वेतन घ्यायचे, आणि संस्थेचा कारभार या सभासदांनीच चालवायचा. वेतनाचा आकडा पुढे पंचाहत्तर रुपये झाला. गोपाळ कृष्ण गोखले याच नियमाखाली आले. टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली तेव्हा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे मुंबईचा व्याप आवरून याच पंचाहत्तर रुपयांवर पुण्यास आले आणि १९१४ पर्यंत राहिले. नाव आजीव सभासदाचे. पण व्यवहारात ती भागीदारी होती.

भागीदारी म्हटली की भांडण आलेच. १८८७ च्या सुमारास वेतनवाढीची गोष्ट निघाली. आगरकरांचा प्रपंच ओढग्रस्तीचा, प्रकृती दम्याने पोखरलेली. माणसाला घर चालविता आले पाहिजे, आणि शाळेच्या वेळेबाहेर त्याने लिहून चार पैसे मिळविले तर त्यात वावगे काही नाही, असे त्यांचे म्हणणे. टिळकांचे म्हणणे नेमके उलट. आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा. बाहेरची मिळकत घ्यायचीच तर ती संस्थेत जमा व्हावी. एकाने सैल सोडले की सगळ्यांची पकड सुटते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हाही त्यांनी हीच हरकत काढली. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सविस्तर राजीनामा दिला. त्यात जेझुइट पाद्र्यांच्या निःस्वार्थ संघाचा आदर्श त्यांनी पुढे ठेवलेला आहे.

या वादात कोण बरोबर, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षे शाई सांडली आहे. माझे मत विचाराल तर मला दोघेही अर्धे बरोबर दिसतात. मोबदला पैशाचा नसेल तर सर्वांनी सारखा भार उचलला पाहिजे, हे टिळकांना स्पष्ट दिसत होते. एकाने पोट आवळायचे आणि शेजाऱ्याने जोडधंदा करायचा, हे एका शिक्षककक्षात चालत नाही. पण जेझुइटाला बायकामुले नसतात, हे आगरकरांना दिसत होते. टिळकांचा नियम तर्काला धरून होता. आगरकरांची अडचण स्वयंपाकघरातली होती. आगरकर १८९५ मध्ये गेले, चाळिशीही न गाठता, फर्ग्युसनचे प्राचार्य असताना. त्यागाला खालून काही आधार लागतो, आणि तो आधार भाकरीचा असतो, हा धडा त्या संस्थेला अशा रीतीने मिळाला.

आता तीस वर्षे पुढे आणि पन्नासएक कोस दक्षिणेस यायचे आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. भाऊराव पाटील तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म कुंभोजचा, बालपण ऐतवडे बुद्रुकचे. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरलेले, पुढे साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यात गुंतलेले. हा फिरता माणूस शाळा काढणारा निघाला याचे आपल्याला नवल वाटते. पण नांगर विकताना कोणत्या गावात किती पोरे शाळेबाहेर आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुण्याच्या मंडळींनी शाळा काढली तेव्हा विद्यार्थी दाराशी उभे होते. येथे विद्यार्थी रानात होते. तेव्हा उंब्रजच्या आसपासच्या वाडीवस्तीवरल्या मुलाला इंग्रजी शिकायचे तर कराड किंवा सातारा गाठावे लागे, तेथे राहायला जागा लागे, जेवण लागे. म्हणून रयतचा आरंभ वर्गापासून न होता वसतिगृहापासून झाला. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली, छत्रपती शाहू बोर्डिंग उभे राहिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्याला भेट देऊन त्याचे नामकरण केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, आळीपाळीने स्वयंपाक करीत. मुलांना दाणा नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९३० मध्ये त्या वारल्या. त्यांच्या हयातीत संस्थेची माध्यमिक शाळा अशी निघालीच नव्हती.

ती निघाली १९४० मध्ये, साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल. त्याआधी १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय सुरू झालेले होते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी वसतिगृह, मग शिक्षक घडविणारी शाळा, आणि त्यानंतर हायस्कूल. म्हणजे हायस्कुलात शिकवायला उभा राहिलेला तरुण पुष्कळदा त्याच वसतिगृहात भाकरी थापून मोठा झालेला असे. पगार थोडा असूनही तो का राहिला, याचे पहिले उत्तर येथे आहे. तो नोकरीवर आलेला नव्हता, घरी आलेला होता. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत ज्याने मळ्यात खुरपणी करून पुस्तके घेतली, त्याला समोर बसलेल्या पोराची भूक वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती.

दुसरे उत्तर वर जाणाऱ्या वाटेचे. शिकविता शिकविता शिक्षकाने स्वतः पुढे शिकावे, बी. ए. व्हावे, बी. टी. व्हावे, याला रयतमध्ये उत्तेजन होते. शाहू बोर्डिंगचे विद्यार्थी पी. जी. पाटील विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, परत आले आणि वकिलीची गादी न मांडता संस्थेत शिकवू लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, १९५५ मध्ये साताऱ्यास आझाद अध्यापन महाविद्यालय, अशी पायरीवर पायरी चढत गेली. खेड्यातल्या हायस्कुलात इतिहास शिकविणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यावर छप्पर आहे असे वाटत नव्हते; वर आणखी एक माडी बांधली जात आहे, असे दिसत होते. त्याच्या पगारात यामुळे लगेच एक आणाही वाढत नसेल. पण पुढे काय, हा प्रश्न ज्याला छळत नाही तो माणूस आजचा तास नीट घेतो.

तिसरे उत्तर कारभाराचे. पुण्याची आजीव सभासदाची कल्पना येथे ‘आजीव सेवक’ या नावाने रुजली आणि अशा सेवकांचे मंडळ संस्थेच्या घटनेत आले. शिवाय सेवकांची स्वतःची सहकारी बँक साताऱ्यास उभी राहिली. मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडे न जाता आपल्याच बँकेच्या फळीपुढे उभे राहणे, ही गोष्ट पैशाची आहे की मानाची? दोन्हींची आहे, आणि म्हणूनच तिचा परिणाम झाला. आगरकरांच्या स्वयंपाकघरात जी अडचण होती तिचा अल्पसा तरी बंदोबस्त यात होता.

आणि गाव होते. त्याची मोजदाद करता येत नाही म्हणून शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत ते सापडत नाही. नवे हायस्कूल कोणाच्या वाड्यात, देवळाच्या ओवरीत, चावडीत भरे. इमारतीसाठी गावकरी दगड वाहत, मुले पाणी आणीत, शिक्षक पायाच्या खड्ड्यात उतरत. ज्या भिंतीचा दगड आपण लावला त्या भिंतीआड शिकविण्यात काही वेगळेपण असते. आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला गाव ‘गुरुजी’ म्हणते आणि हायस्कुलातल्याला ‘सर’. पहिल्या शब्दात जिव्हाळा अधिक, दुसऱ्यात दबदबा अधिक. ज्या गावात मॅट्रिक झालेला माणूस बोटावर मोजावा, तेथे पदवीधर सर आले म्हणजे भाऊबंदकीच्या तंट्यापासून मुंबईच्या मनीऑर्डरीपर्यंत सगळे कागद त्यांच्याकडे येत. हा मान कोणी समारंभ करून दिलेला नव्हता. गावाला त्यांची गरज होती.

भाऊराव स्वतः अनवाणी चालत, खादी नेसत. संस्थाचालकाने मोटारीतून येऊन शिक्षकाला साधेपणाचा उपदेश करावा, असा प्रसंग तेथे संभवत नव्हता. टिळकांनी मागितलेला सारखा भार येथे वरून खाली आलेला होता. १९४८ मध्ये संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले तेव्हा संस्था कोलमडली नाही. पुढे अनुदान पूर्ववत झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर होत्या. आज त्या चारशेंहून अधिक आहेत.

याच १९५९ साली अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिट्सबर्गच्या परिसरातील दोनशेंच्या आसपास इंजिनियर व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी असे मांडले की, पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या झाल्या म्हणून तो उत्साहाने कामाला लागतोच असे नाही. उत्साह येतो तो काम साधल्याचा आनंद, त्याची दखल, जबाबदारी आणि वाढ यांतून. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकांविषयी लिहिताना सांगितले की, शिक्षकाला खरा मोबदला वर्गातच मिळतो, विद्यार्थ्याला काहीतरी उमगले हे पाहण्यात. आपल्या भाऊरावांना या ग्रंथांची गरज पडली नाही, असे म्हणून टाळी घेता येईल. मला ती नको आहे. हर्झबर्गच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग आपले व्यवस्थापक नेहमी वगळतात, आणि तोच भाग आगरकरांच्या बाजूचा आहे.

पुढचा काळ सरकारचा. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांच्या मुलांना फीमाफी मिळाली आणि खेडोपाडीची मुले हायस्कुलांत लोटली. स्वतः यशवंतराव देवराष्ट्र्याहून येऊन कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेले. हा निर्णय त्यांनी का घेतला हे वेगळे सांगावयास नको. शाळा वाढल्या, शिक्षक वाढले, आणि भागीदार असलेला शिक्षक हळूहळू यादीतला एक क्रमांक झाला. यात कोणाचे पाप नाही. आकड्यांचा तो स्वभाव आहे. दहा जणांना एका सतरंजीवर बसून शाळा चालविता येते, दहा हजारांना नाही.

सरकारने शिक्षकाला मान देण्याचे आपले मार्ग काढले. राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून सुरू झाले; १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन झाला. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेत शिक्षकांना स्वतंत्र प्रतिनिधित्व दिले होतेच. त्यात माध्यमिक दर्जापासून वरच्या शिक्षकाला मत आहे, प्राथमिक शिक्षकाला नाही; गुरुजींच्या मनातली ही सल जुनी आहे. आणि महाराष्ट्रात १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, त्याची नियमावली १९८१ मध्ये आली. मला विचाराल तर या सर्वांत शिक्षकाची मान ताठ कशाने झाली असेल तर ती या रूक्ष कायद्याने. संस्थाचालकाच्या लहरीने उद्या घरी बसावे लागणार नाही, ही खात्री नसेल तर शालीचा आणि श्रीफळाचा काय उपयोग?

पुरस्काराविषयी एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे पुरस्कारासाठी प्रस्ताव करावा लागतो. राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच अर्ज भरायचा आहे. पद्धत निःपक्षपाती व्हावी हा हेतू असेल. पण छायाचित्रे, कात्रणे, दाखले लावून माझा गौरव करा असे लिहिण्याची ज्याला लाज वाटते, तोच पुष्कळदा गौरवाला पात्र असतो. एकाला हार मिळतो आणि त्याच शाळेतल्या बाकीच्या पंधरांना आपण कोठे कमी पडलो हे कळत नाही. न्यू इंग्लिश स्कुलात आणि सयाजीराव हायस्कुलात कोणालाही आदर्श शिक्षक म्हणून निवडलेले नव्हते.

आणि आता आजचे. २००० पासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून ठराविक मानधनावर काम करावे लागते. माध्यमिकसाठी ते २०२३ मध्ये अठरा हजार रुपये झाले, तेही पुष्कळ वर्षे वाट पाहिल्यावर. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले. त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला. वीस टक्क्यांचे पहिले अनुदान २०१६ मध्ये मिळू लागले. या मधल्या वर्षांत शेकडो पदवीधर तरुण मराठी आणि विज्ञान शिकवीत म्हातारे होऊ लागले. भरतीसाठी सरकारने जे संगणकीय दालन उघडले त्याचे नाव ‘पवित्र’ आहे. नाव ठेवणाऱ्याला विनोद करायचा नव्हता.

या तरुणांना संस्थाचालक भाऊरावांचे नाव सांगतात, तेव्हा इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हरकत घ्यावीशी वाटते. सेवक हा शब्द दोन्हीकडे आहे. रयतमधला आजीव सेवक स्वतः होऊन सेवक झाला, त्याच्या मंडळाला संस्थेत स्थान होते, त्याच्यासमोर पुढच्या शिक्षणाची वाट होती आणि त्याच्या वर अनवाणी चालणारा माणूस होता. आजच्या शिक्षण सेवकाला यांतले बहुधा काही मिळत नाही. फक्त थोडा पैसा तेवढा सारखा आहे. संस्थेच्या सभेत त्याला बोलावणे नसते. वेळापत्रक लागले की फळ्यावर जाऊन पाहायचे. मतदार याद्या, माहितीचे रकाने, मोबाइलवर संध्याकाळी येणारे आदेश, यांतून उरलेल्या वेळात शिकवायचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज इतर कामांना मनाई केली आहे. पण ती कामे कागदावर नसतात, सूचनेत असतात.

पैशाचा प्रश्न सरकारदरबारी सुटायचा आहे, आणि तो या व्यासपीठावरून सुटणार नाही. पण एक गोष्ट कोणत्याही शासन निर्णयावाचून या परिसरातल्या शाळांना करता येईल. आठवीला आलेला वर्ग दहावीपर्यंत त्याच शिक्षकाकडे ठेवावा. नव्या माणसाला दरवर्षी आठवीच दिली जाते आणि दहावी ज्येष्ठांकडे जाते; मग त्याने पेरलेले उगवले की नाही हे त्याला कधी दिसतच नाही. लॉर्टी ज्याला खरा मोबदला म्हणतात तो असा दरवर्षी जूनमध्ये दुसऱ्याच्या नावावर चढतो. ज्येष्ठ शिक्षक याला विरोध करतील, कारण दहावीच्या निकालावरच गावात सरांचे नाव होते. तेव्हा हा बदल मुख्याध्यापकांनी एकट्याने काढलेल्या सूचनेने करू नये. सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवून, नव्यांना आधी बोलू देऊन, मे महिन्याच्या सुटीत त्याची वाटणी करावी.